तेलाच्या टाकीचा तळ खालून गंजतो, तो थांबवायचा कसा?

वाघोडियाकर
नमस्कार मंडळी. वडोदऱ्याजवळच्या एका रसायन कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमची डिझेलची जुनी, रोज भरली-उपसली जाणारी टाकी या वर्षी रिकामी करून आतून तपासली. वरून तळ छान दिसत होता, इपॉक्सी शाबूत, कुठे फोड नाही. फ्लोअर स्कॅन, म्हणजे यंत्राने तळाच्या प्लेटची झीज तपासणं, केला तेव्हा खरं काय ते कळलं. ६ मि.मी.ची प्लेट काही ठिकाणी ३ मि.मी.च्याही खाली गेली होती आणि सगळी झीज खालच्या बाजूने, पॅडकडून, म्हणजे टाकीखालच्या भरावाकडून. एक तुकडा कापून उलटा केला तर हातात पापुद्रे आले.

आता शेजारी दोन नव्या टाक्या उभ्या राहणार आहेत, प्रत्येकी १२ मीटर व्यासाच्या. ठेकेदार म्हणतो, "पॅडवर डांबर-रेती टाकू, प्लेटांना खालून काळ्या रंगाचे दोन हात मारू, वीस वर्षं बघायला नको." मला हे पटत नाही. प्लेटा एकदा अंथरून वेल्ड झाल्या की खाली हात घालायला जागा उरत नाही. जे करायचं ते आत्ताच. काय केलंत, काय टिकलं, काय वाया गेलं, सविस्तर लिहा.

रावपुऱ्याचे काका
प्रश्न योग्य वेळी विचारलात. बहुतेक लोक टाकी गळू लागल्यावर विचारतात. माझी सगळी नोकरी टँक फार्मच्या तपासणीत गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तळाखाली पाणी कुठून येतं ते बघा. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. शेलवरून, म्हणजे टाकीच्या उभ्या भिंतीवरून, ओघळणारं पाणी तळाच्या प्लेटच्या बाहेर डोकावणाऱ्या काठावर येतं आणि प्लेट व फाउंडेशनमधल्या फटीतून आत शिरतं. टाकी भरली की तळ दबतो, उपसली की थोडा उचलला जातो. दर वेळी आतली हवा बाहेर जाते आणि नवी दमट हवा, सोबत पाणी, आत ओढलं जातं. रोज भरणारी-उपसणारी टाकी हे काम रोज करते. शिवाय फायरच्या स्प्रिंकलरची चाचणी असते, हायड्रो टेस्टच्या (टाकी पाण्याने भरून घेतलेल्या चाचणीच्या) वेळी सांडलेलं पाणी असतं, डाइकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधाच्या आत, साठलेलं पाणी असतं.

पाणी आलं की बाकीचं आपोआप होतं. कडेला प्राणवायू भरपूर, आत कमी. जिथे प्राणवायू कमी तो भाग अ‍ॅनोड होतो आणि झिजतो. रेतीत मातीचं एखादं ढेकूळ राहिलं तर त्याच्याखालीही हाच खेळ चालतो, म्हणून प्लेट उलटी केली की ढेकळाच्या आकाराचा खड्डा दिसतो. प्लेट मिल स्केलसकट, म्हणजे पोलाद कारखान्यातून येताना वर असलेल्या काळ्या पापुद्र्यासकट, टाकली असेल तर आणखी वाईट. स्केल जिथे तडकलं तिथलं उघडं लोखंड एवढंसं, भोवतीचं स्केल एवढं मोठं, आणि सगळा मार त्या एवढ्याशा जागेवर.

आणि एक. स्कॅनमध्ये प्लेट पातळ दिसली म्हणजे ती खालूनच गेली असं लगेच मानू नका. चुंबकीय स्कॅनर बहुतेक वेळा बाजू सांगत नाही. वरून डोळ्यांनी बघा, मग त्या जागी अल्ट्रासॉनिक लावून जाडी मोजा. तुमच्याकडे तुकडा कापून बघितला, त्यामुळे शंका उरली नाही.

लॅपजॉइंट
काकांशी सहमत. मी टाक्या बांधतो, म्हणून रंगाबद्दल बोलतो.

तळाच्या प्लेटा एकमेकींवर चढवून वरून वेल्ड करतात. वेल्डची उष्णता प्लेटच्या आरपार जाते आणि खालचा रंग त्या रेघेत जळतो. काही जण कडेला दोन इंच पट्टा कोराच ठेवतात, म्हणजे धूर नको आणि वेल्डमध्ये भोकंही नकोत. दोन्ही प्रकारांत शेवटी प्रत्येक जोडाखाली उघडं लोखंड उरतं. १२ मीटरच्या टाकीत असे किती मीटर जोड असतात ते ड्रॉइंगवर मोजून बघा. त्यातच प्लेटा रेतीवरून ओढताना रंग खरवडतो तो वेगळा.

मग रंग मारूच नये का? मारा, पण ब्लास्टिंग करून, चांगला इपॉक्सी. त्याने उघडं क्षेत्रफळ कमी होतं, सीपीला (कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे लोखंडाला बारीक करंट देऊन गंज रोखणं) करंट कमी लागतो. ब्रशने दोन हात काळं लावून वीस वर्षांची हमी देणाऱ्याला ती हमी कागदावर मागा.

दांडियाबाजार
मी कारकुनी पेशातला, टाक्यांमधलं काही कळत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. आमच्या वाड्यात धान्याची पत्र्याची कोठी आहे. आजी ती कायम चार विटांवर ठेवायची, जमिनीला टेकवली की बूड कुजतं म्हणायची. मग तुमची टाकीही विटांवर ठेवा की! :)

गोरवा
दांडियाबाजार, हसू नका, तुमच्या आजीचं डिझाइन आमच्या प्लांटमध्ये आहे. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या टाक्या साध्या लोखंडाच्याच असतात आणि त्या बहुधा आय-बीमच्या जाळीवर ठेवतात. खाली वाकून बघता येतं, थेंब पडला तर लगेच दिसतो, बीमच्या मधल्या जागेत खालूनही जाडी मोजता येते. पण हे लहान टाक्यांचं काम. बीमची उंची, प्लेटची जाडी, फाउंडेशनचा खर्च सगळं वाढतं. आणि प्लेट बीमवर जिथे टेकते तिथे पुन्हा फट आलीच, तीही सील करावी लागते. १२ मीटरच्या डिझेल टाकीला मी हे सुचवणार नाही.

सुरसागर
मी सिव्हिलची. माझ्या मते निम्मी लढाई पॅडमध्ये जिंकता येते आणि तिथेच पैसे वाचवले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

वाघोडियाकर, तुमच्याकडची माती बघा. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी सोडत नाही. ती खोदून काढा, मुरूम थराथराने दाबून भरा. एपीआय ६५० या टाक्या बांधण्याच्या अमेरिकन मानकात तळ भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ३०० मि.मी. उंच ठेवायला सुचवलं आहे. मी इथे त्याहून जास्त ठेवीन, कारण टाकी पुढे खचते आणि डाइकमधली जमीन भर पडून वर येते. काही वर्षांत ते ३०० कुठे गेले ते शोधावं लागतं.

रेती ओरसंग नदीची घ्या की आणखी कुठली, ट्रक आला की ओतून मोकळं व्हायचं नाही. धुतलेली, चाळलेली, माती-खडे नसलेली हवी. क्लोराइड, सल्फेट, पीएच आणि रेझिस्टिव्हिटी या चाचण्या ट्रक खाली व्हायच्या आधी. खाडीच्या बाजूची खारी रेती आली तर पुढचं सगळं पाण्यात. आणि ती रेती बोअरच्या खाऱ्या पाण्याने दाबू नका. हे मी साइटवर होताना थांबवलं आहे.

रेतीखाली एचडीपीईचा लायनर (प्लास्टिकची जाड चादर) टाका, बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि रिंगवॉलमधून (टाकीच्या काठाखालच्या काँक्रीटच्या गोल भिंतीतून) ड्रेनचे पाइप काढा. पुढे तळ गळलाच तर तेल जमिनीत न मुरता त्या पाइपातून बाहेर दिसेल.

रावपुऱ्याचे काका
सुरसागरताई, पॅडचं सगळं मान्य. पण डांबर-रेतीला मी लगेच मोडीत काढणार नाही. वडोदऱ्याजवळची कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली. त्या पिढीत देशभर टाक्या डांबर-रेतीच्या थरावरच बसवत. उंच, कोरड्या पॅडवर तो थर नीट घातलेला असेल तर तळ दीर्घकाळ चांगले राहिलेले मी स्वतः पाहिले आहेत. ठेकेदार अगदीच अडाणीपणाने बोलत नाही.

ऋणविद्युत
काका, आदर ठेवून असहमत. मी सीपीचं काम करतो.

डांबराचा थर जोवर अखंड आणि प्लेटला चिकटून आहे तोवर ठीक. टाकी वर्षानुवर्षं दबते-उचलते, थर तडकतो, प्लेट आणि थर यांच्यात पोकळी होते. त्या पोकळीत पाणी शिरलं की ते खाली मुरत नाही, तिथेच बसतं. आणि बाहेरून सीपी लावायला जाल तर डांबर करंटच अडवतं. मीटरवर आकडा सुंदर येतो, कारण आकडा कडेला मोजलेला असतो. मध्ये प्लेट झिजत राहते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, दोन्ही एकदम करू नका. सीपी करायचं असेल तर खाली स्वच्छ रेती हवी. डांबर-रेती करायची असेल तर सीपी बसवल्याचं समाधान मानू नका.

रावपुऱ्याचे काका
हे मात्र खरं. दोन्ही एकदम असलेल्या टाकीचे तळ मी बदलवले आहेत. तरी लहान, कोरड्या जागेवरच्या, वर्षातून क्वचित हलणाऱ्या टाकीला मी डांबर-रेतीच देईन. वाघोडियाकरांची टाकी रोज हलते, तिथे तुमचं पटतं.

वाघोडियाकर
सगळ्यांचे आभार. ऋणविद्युत, सीपी केलं तर नेमकं किती आणि कसं? आमच्याकडे त्यासाठी वेगळा माणूस नाही. रेक्टिफायर (सीपीला डीसी करंट पुरवणारा डबा) लावला आणि कोणी बघितलाच नाही तर? तळाऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे अ‍ॅनोड टाकून विसरून जाता येईल का?

ऋणविद्युत
हिशेब सोपा आहे. १२ मीटर व्यासाचा तळ म्हणजे ११३ चौरस मीटर. उघड्या तळाला साधारण १० ते २० मिलिअँपियर प्रति चौरस मीटर धरतात. म्हणजे एका टाकीला जास्तीत जास्त सव्वादोन अँपियर. रेक्टिफायर अगदी छोटा लागतो.

आता झिंक. वर्षभर एक अँपियर द्यायला सुमारे १२ किलो झिंक खर्च होतं. दोन अँपियर, वीस वर्षं, म्हणजे ४८० किलो, तेही एका टाकीला. आणि झिंकचा विद्युतदाब कमी. आपली रेती उन्हाळ्यात कोरडी पडते, रोध वाढतो, करंट पुरत नाही. मॅग्नेशियमचा विद्युतदाब जास्त, पण ते लवकर संपतं. तळाला चांगला इपॉक्सी असेल तर करंटची गरज बरीच घटते, तेव्हा झिंक रिबनचा विचार करता येतो. नाहीतर टायटॅनियमवर एमएमओ (मिश्र धातू-ऑक्साइड) लेप असलेल्या रिबनची जाळी, लायनरच्या वर आणि तळाच्या खाली रेतीत. ती जवळजवळ झिजतच नाही आणि करंट सगळीकडे सारखा पोचतो. टाकीबाहेर खोल पुरलेल्या अ‍ॅनोडचा इथे उपयोग नाही, मध्ये लायनर आहे, तो करंट अडवेल.

सगळ्यात महत्त्वाचं, रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत तळाचा व्होल्टेज मोजतात) तळाखाली कायमचे बसवा. एक मध्यभागी, काही मध्ये आणि कडेला. शिवाय बारीक चिरा असलेला पीव्हीसी पाइप एका कडेपासून दुसरीपर्यंत टाका, म्हणजे पुढे कायमचा इलेक्ट्रोड मेला तरी फिरता इलेक्ट्रोड ओढून मोजता येईल. फक्त कडेला मोजून "उणे ८५० आलं, ठीक आहे" (मिलिव्होल्ट, तळ सुरक्षित मानायचा नेहमीचा आकडा) लिहिणारे रिपोर्ट मी खूप बघितलेत. मध्यभागाबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

मोजताना करंट क्षणभर बंद करून आकडा घ्यायचा. आणि टाकीत पुरेसं तेल हवं. रिकाम्या टाकीचा तळ रेतीपासून सुटलेला असतो, सुटलेल्या जागी करंट पोचत नाही.

रेक्टिफायर बघायला वेगळा माणूस लागत नाही. तुमचा शिफ्ट इलेक्ट्रिशियन इतर मीटर लिहितोच, त्यात व्होल्ट आणि अँपियर हे दोन आकडे वाढवा.

तुर्भेकर
नवी मुंबईहून. तळ रेतीपासून सुटतो तिथे करंट पोचत नाही, हे वर आलंच आहे. तिथे व्हीसीआय उपयोगी पडतं, म्हणजे वाफेच्या रूपाने पसरणारं गंजरोधक. त्याच चिरांच्या पाइपातून पूड किंवा द्रावण तळाखाली सोडतात, त्याची वाफ पोकळीत पसरून लोखंडावर बसते. डांबर-रेतीवरच्या जुन्या टाक्यांना हा बरा मार्ग, कारण तिथे सीपी चालतच नाही. पण कडेची फट सील नसेल तर सगळं उडून जातं, आणि काही वर्षांनी पुन्हा भरावं लागतं. सोबत ईआर प्रोब (झिजणाऱ्या पट्टीच्या विद्युतरोधावरून गंज मोजणारा) बसवा, म्हणजे झिजेचा वेग आकड्यात कळतो.

लॅपजॉइंट
कडेच्या फटीचा विषय निघाला ते बरं झालं. बरेच जण तिथे सिमेंटचा उतार करून टाकतात. टाकी हलते, उन्हात फुगते, सिमेंट पहिल्याच वर्षी तडकतं, आणि मग तो तडा पाणी आत घेतो पण बाहेर सोडत नाही. न लावलेलं परवडलं. लवचिक सीलंट किंवा पेट्रोलेटमचा पट्टा वापरा. तो शेलच्या खालच्या भागापासून रिंगवॉलवर खाली उतरला पाहिजे, आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी चालत एक फेरी मारून बघितला पाहिजे.

प्रयोगशाळा
वाघोडियाकर, कापलेला तुकडा फेकला नसेल तर एक गोष्ट बघा. पापुद्र्याखाली काळा, मऊ थर होता का आणि खरवडल्यावर आत चकचकीत खड्डा? असेल तर सल्फेटवर जगणारे जिवाणू असण्याची शक्यता आहे. त्या काळ्या थरावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाका. सडक्या अंड्याचा वास आला आणि लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा पडला तर तिथे सल्फाइड आहे. हे लॅबमधल्या वायू खेचणाऱ्या हुडखाली करा, तो वायू विषारी असतो. जिवाणू निघाले तर सीपीला उणे ८५० पुरत नाही, उणे ९५० धरतात.

वाघोडियाकर
तुकडा ठेवलाय! उद्याच लॅबला देतो.

दांडियाबाजार
अवांतर विचारतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या ओळखीच्या एकाच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं. अशा वेळी टाकी रिकामी असेल तर ती तरंगेल का? की नदीतल्या मगरीबरोबर पोहत जाईल? :)

सुरसागर
अवांतर नाही, अगदी विषयातलं आहे. समजा रिकामी टाकी ३० टनांची आहे आणि तळ ११३ चौरस मीटर. तिला उचलायला सुमारे २७ सें.मी. पाणी पुरेसं आहे. गुडघाभरही नाही. तळाची ६ मि.मी.ची प्लेट एकटी धरली तर पाच सें.मी.च्या आतच तिचं वजन पाणी पेलतं, म्हणजे टाकी जागची न हलताही तळ मध्ये फुगू शकतो आणि जोड ताणले जातात. पुराचा इशारा आला की टाक्यांमध्ये तेल किंवा पाणी ठेवा, डाइकचा व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा ते आधी ठरवा. आणि पूर ओसरला की खालची रेती बराच काळ ओली राहणार हे लक्षात ठेवून सीपीचे आकडे पुन्हा घ्या. पुराचं पाणी सोबत गटाराचं पाणीही आणतं, प्रयोगशाळा म्हणाल्या तसे जिवाणू तिथूनही येतात.

दांडियाबाजार
बापरे, २७ सें.मी.! मी आता त्या ओळखीच्याला फोनच लावतो.

वाघोडियाकर
आता जुन्या टाकीचं विचारतो. ठिगळं मारावीत की पूर्ण तळ बदलावा? कोणी म्हणतं जुन्या तळावरच नवा तळ टाका.

रावपुऱ्याचे काका
एपीआय ६५३ चा (टाक्यांच्या तपासणी-दुरुस्तीच्या मानकाचा) नियम असा की पुढची तपासणी येईल तेव्हा तळ किमान २.५ मि.मी. उरला पाहिजे. खाली गळती अडवणारा थर किंवा वर पुरेसं जाड लायनिंग असेल तर १.२५ चालतं. तुमच्याकडे आत्ताच ३ च्या खाली आहे. वर्षाला पाव मि.मी. झीज धरली तरी दोन वर्षांत संपलं. तुरळक खड्डे असतील तर ठिगळ चालतं, पण शेलपासून आत ७५ मि.मी.च्या पट्ट्यात ठिगळाचे नियम कडक आहेत, तिथे अंदाजाने काम करू नका. खड्डे सगळीकडे असतील तर तळ बदलणंच बरं.

जुन्यावर नवा तळ टाकायचा तर त्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. मधल्या रेतीत ओल असेल आणि दोन्ही तळ एकमेकांना जोडलेले असतील, तर नवं चकचकीत लोखंड जुन्या गंजलेल्या लोखंडासमोर अ‍ॅनोड होतं. म्हणजे नवा तळ जुन्यापेक्षा लवकर जातो. मी असा तळ पाहिला आहे, बसवणाऱ्याने पैसे वाचवले म्हणून लायनर टाकला नव्हता. जुन्या तळावर आधी लायनर, मग रेती, रेतीत रिबनची जाळी आणि इलेक्ट्रोड, वर नवा तळ. यातलं काही गाळायचं असेल तर नवा तळ टाकूच नका.

ऋणविद्युत
काकांना +१. त्यात अर्थिंग जोडतो. टाकीच्या अर्थिंगला उघडं तांबं जमिनीत असेल तर लोखंड तांब्यासमोर झिजतं, आणि सीपीचा करंटही आधी तांबं खातं. सव्वादोन अँपियरच्या हिशेबात तांब्याचं जाळं धरलेलं नसतं. नव्या टाक्यांना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी वापरा. जुन्या जाळ्याशी जोडायलाच लागलं तर डीसी अडवणारा डिकपलर मध्ये घाला. हे इलेक्ट्रिकलवाल्यांना आजच सांगा, कारण त्यांचे खड्डे सगळ्यात आधी खोदले जातात आणि त्यांना तळाशी देणंघेणं नसतं.

गोरवा
गरम टाक्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. डांबराची किंवा जड फर्नेस ऑइलची टाकी गरम असते, तेव्हा खालची रेती वाळेल असं वाटतं. मध्ये वाळते. कडेला मात्र पाऊस आत येतो, वाफ होते, पुन्हा पाणी येतं, आणि गरम ओल्या लोखंडाची झीज थंडपेक्षा वेगाने होते. गरम टाक्यांचा काठ आधी तपासा.

दांडियाबाजार
एवढं सगळं वाचून आता ठेकेदाराला काय सांगणार, तेही लिहा. आणि टाकी उभी राहिली की सेव-उसळ तुमच्याकडून, सगळ्यांना!

वाघोडियाकर
सेव-उसळ नक्की. आज ठेकेदाराबरोबर बसलो होतो. डांबर-रेती काढली. पॅड ४५० मि.मी. वर, काळी माती पूर्ण काढून मुरूम, त्यावर लायनर आणि ड्रेन, धुतलेली रेती चाचणी-अहवालासकट. एमएमओ रिबनची जाळी, प्रत्येक टाकीखाली कायमचे इलेक्ट्रोड आणि चिरांचा एक पाइप. प्लेटा ब्लास्ट करून खालून इपॉक्सी. कडेला लवचिक सील. अर्थिंग जीआय. जुन्या टाकीचा तळ पुढच्या शटडाउनमध्ये बदलायचा प्रस्ताव दिला, तोवर तिची पातळी कमी ठेवतोय आणि ड्रेनजवळ रोज बघायला सांगितलंय. खर्च वाढला, पण जुन्या तळाचा कापलेला तुकडा बैठकीत टेबलावर ठेवल्यावर कोणी फार वाद घातला नाही.

लॅबचा निकाल: सल्फाइड सापडलं. म्हणजे उणे ९५० धरायचं ना?

ऋणविद्युत
हो, नव्या टाक्यांनाही तेच धरा, माती तीच आहे. शेवटची दोन कामं. प्लेटा अंथरायच्या आधी प्रत्येक रिबनचा जोड आणि प्रत्येक इलेक्ट्रोडची वायर मीटरने तपासून सही घ्या, वेल्डिंग सुरू असतानाही रोज तपासा, कारण वायर तुटते ती तेव्हाच. आणि हायड्रो टेस्टच्या वेळी टाकी पाण्याने भरलेली असेल, रेक्टिफायर अजून सुरू झालेला नसेल, तेव्हा सगळ्या इलेक्ट्रोडवर नैसर्गिक आकडे घेऊन ठेवा. पुढे १०० मिलिव्होल्टच्या निकषाने (सीपीने आकडा नैसर्गिकपेक्षा किमान तेवढा बदलला पाहिजे) तपासायची वेळ आली तर तुलना करायला हे आकडे लागतात. नंतर ते मिळवायचे तर सीपी कित्येक दिवस बंद ठेवून तळ पूर्ववत होईपर्यंत थांबावं लागतं.